आबा, तह आज झाला

प्रिय आबा,

तह झाला हो! खरोखरचा! रशिया आणि जपान लढायचे थांबले. तुम्ही गेल्यापासून मी वर्तमानपत्राला हात लावला नव्हता. सकाळी काकाच छाणीहून ते घेऊन आले. मी तुमच्याशी खोटं बोलले होते, आबा. म्हणून लिहायला बसले.

मोतीबिंदूनं तुमचे डोळे गेले, तेव्हापासून बातम्या मीच वाचायची. लढाई आणि एका बेटाचा वाद मिटवायला अमेरिकेत दोन्ही राजांचे वकील समोरासमोर बसलेत, एवढं ऐकलं की तुम्ही डोळे मिटून तिथं पोचायचात. "समुद्रावरून पांढरं धुकं येत असेल ग. आणि त्यात ते दोघं, चहा निवत ठेवून..." मीही त्या धुक्यात शिरायची. चुलीवर भाजी करपायची.

आणि एवढ्या समजूतदार माणसानं काकांशी, सख्ख्या भावाशी, अकरा वर्षं अबोला धरावा? आजोबांची पागेतल्या नोकरीतली तलवार खंडेनवमीला कुणाच्या घरी पुजायची, यावरून! छाणी आपल्या बडोद्याहून काय काशीइतकी लांब आहे? "ते दोघं बेटाचं भांडण मिटवतील, त्या दिवशी मी जाईन," म्हणून बसलात. हट्टी कुठले!

तिकडे बोलणी अडली, इकडे तुमची धाप वाढली. वैद्यांनी मान हलवली. त्या दुपारी मी खुशाल वाचलं, "तह झाला. बेट अर्धं-अर्धं."

तुम्ही उठूनच बसलात. "चाल दीकरी, चल लेकी, टांगा बोलाव!"

वाटभर तुम्ही झोपेत बोलल्यासारखे त्या वकिलांशीच बोलत होतात. काकांच्या दारात म्हणालात, "अरे, त्यांनी बेट वाटून घेतलं. आपण तलवार एकआड एक वर्ष पुजू." काकांनी नुसता तुमचा हात धरला. दोघं एका ताटात जेवलात. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

आज मी काकांसमोर रडले. "मी आबांना फसवलं."

"मला तेव्हाच ठाऊक होतं, पोरी," ते म्हणाले. "माझ्याकडेही तेच वर्तमानपत्र येतं. पण तह कुठला, असं म्हटलं असतं, तर तो वेडा दारातूनच परत फिरला असता."

बेट मात्र खरंच अर्धं-अर्धं झालं, बरं का!

त्या अकरा वर्षांचा माझा राग तुम्हा दोघांवर राहणारच. पण यंदा तलवार मी स्वतः छाणीला नेईन, आणि काका आहेत तोवर त्यांची एकही पाळी चुकू देणार नाही.

तुमची खोटारडी,
गोदू