दंडाची दुसरी फेरी

हिंटरमोस, १४ मार्च

प्रिय बुर्गीताई,

देवाची कृपा तुझ्यावर आणि तुझ्या नव्या खुब्यावर असो. टाके काढले का, जिना चढवतात का, आणि त्या आरोग्यधामातलं सूप अजून पाणचटच आहे का, ते सविस्तर कळव. माझे गुडघे ठीक आहेत. रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते परिस्थितीला शोभेल इतकाच आहे.

बेकरीवाल्या हाइंडलबाईंनी तुला फोन केल्याचं मला त्यांनीच सांगितलं (पाव देताना, आणि तोही कालचा). तुझ्या सख्ख्या बहिणीने तुझ्या सख्ख्या नातीचं, सेफीचं, वर्ष मातीत घातलं, असं त्या म्हणाल्या असतील. शर्यत चालू असताना त्या तंबूत गरम वाइन विकत होत्या आणि निम्मी स्वतःच पीत होत्या, हे म्हणाल्या नसतील. म्हणून मी लिहिते आहे.

सेफीने बंदूक खांद्यावरून काढली की तू टीव्ही बंद करतेस, त्यामुळे तुला या खेळातलं फक्त स्कीइंग ठाऊक आहे. ज्या शर्यतीत तीसच्या तीस पोरी एका रेषेवरून एकदम सुटतात, ती आपल्या सेफीची शर्यत. पाच चकरा, मध्ये चारदा नेमबाजी, दोनदा आडवं पडून आणि दोनदा उभं राहून. जितके नेम चुकतील तितक्या दीडशे मीटरच्या दंडाच्या फेऱ्या, तिथेच लगेच. अशा शर्यती हिवाळ्यात पाच. डिसेंबरची सेफीने जिंकली. जानेवारीत तिने पाचही गोळ्या अचूक मारल्या, पण शेजारच्या फ्रेंच मुलीच्या लक्ष्यावर (त्या मुलीने नंतर तिला चॉकलेट पाठवलं, मला यात विनोद दिसला नाही). तिसरीत पाचवी आली, चौथी पुन्हा जिंकली. हिशेब असा झाला की शेवटच्या शर्यतीत पहिल्या सहांत आली तरी मोसमाच्या विजेतीला मिळणारा काचेचा गोळा आपल्या घरात. आणि ती शेवटची शर्यत आपल्याच गावात. गेल्या रविवारी, आठ मार्चला.

आता माझ्याविषयी. अडतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढल्यामुळे गेली अकरा वर्षं दंडाच्या फेऱ्या मोजायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला माहीत आहे. निवृत्त वनरक्षक क्सावर छातीवरचा क्रमांक वाचतो, मी लिहिते. बाहीवर पिवळी पट्टी बांधली की आपण कुणाची आजी नाही आणि कुणाची धर्ममाता नाही, सेफीची मी तर दोन्ही आहे. कुणाच्या नावाने ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, चेहऱ्यावरसुद्धा शक्यतो काही दिसू द्यायचं नाही. मी आयोजकांना आधी विचारलं होतं, यंदा मला बसवू नका म्हणून. ते म्हणाले, ओटिलीबाई, तुमच्याइतकं सरळ मोजणारं दुसरं कोण आहे? मी खुशामतीला भुलले. कबूल करते.

चौथ्या नेमबाजीला सेफी सगळ्यांच्या पुढे आली. वारा सुटला होता, झेंडे कडक उभे होते. तीन गोळ्या लागल्या, दोन चुकल्या. सात हजार माणसांनी असा सुस्कारा टाकला की मला वाटलं बर्फ वितळणार. ती फेरीत आली, एकदा फिरली आणि बाहेर पडली. माझ्या कागदावर अठ्ठावीस क्रमांकापुढे एकच रेघ. क्सावरने ती रेघ बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “ओटिली, तुझी पेन्सिल मोडली होती ना मघाशी?”

“माझी पेन्सिल शाबूत आहे,” मी म्हटलं, “तू तुझी टोपी सांभाळ.”

ती तिसरी आली. गावचा बँड वाजायला लागला, तुझा जावई रडायला लागला, आणि मी कागद घेऊन पंचांच्या खोलीकडे निघाले. वाटेत कुणीही अडवलं नाही, उलट सगळे अभिनंदन करत होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. पंचांनी कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं. चित्रातही एकच फेरी. न मारलेल्या फेरीला दोन मिनिटं, म्हणजे तिसरीची सव्विसावी. काचेचा गोळा अकरा गुणांनी एका स्वीडिश मुलीकडे गेला (मुलगी सभ्य आहे, तिने घ्यायला संकोच केला, पण घेतला).

पंचांनी सेफीला माझ्यासमोर विचारलं, एकच फेरी का मारलीस? तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “चुकले. मोजण्यात चूक झाली माझी.” बाहेर आल्यावर मला म्हणाली, “ओटिलीआजी, घरी जा. पाय गारठलेत तुझे.” बस, एवढंच. त्यानंतर सहा दिवस तिचा फोन नाही.

गावाचं मात्र बोलणं संपत नाही. चर्चच्या गायकवृंदात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवतात, जणू मला गोवर झाला आहे. तुझ्या जावयाने रस्त्यात विचारलं, “स्वतःच्या रक्ताचं असताना एक रेघ जास्त ओढली असती तर शाई संपली असती का?” मी त्याला सांगितलं की मी पेन्सिल वापरते, आणि परक्याच्या पोरीला जो नियम तोच आपल्या पोरीला, नाहीतर मग सात हजार माणसं गोळा कशाला करायची, घरात बसून एकमेकांना गोळे वाटावेत. माझं चुकलं असं तुला वाटत असेल तर सरळ लिही. मला वाटत नाही. ती रेघ मी पुन्हा एकच ओढीन.

काळजी घे, कुबडी भिंतीला टेकवून ठेवत जाऊ नकोस.

तुझी बहीण,
ओटिली

ता. क. १९ तारखेला संत जोसेफचा सण, ज्याच्यावरून सेफीचं नाव ठेवलं, म्हणजे तिचा नामदिवस. ती तुझ्याकडे येणार हे मला कळलंय. बदामाचा केक वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. माझा आहे हे सांगू नकोस. (तिला चवीवरून कळेलच.)

ता. क. २. हे पत्र तिला दाखवू नकोस.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडलं. ताई, रेघ खरी आहे, पण तेवढंच खरं नाही. सेफी पहिली फेरी पुरी करून माझ्यासमोर आली तेव्हा मागून ती स्वीडिश मुलगी शून्य चुका करून निघून जाताना मला दिसली, आणि मी खुर्चीवरून उठले. मी ओरडले. “सेफी, चल, पळ” असं ओरडले. लहानपणी तिला डोंगरावरून जेवायला बोलवायचे त्याच आवाजात. आणि ती पळाली, ताई. सात हजारांच्या गोंगाटात तिने तो आवाज ऐकला, दंडाच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या असं समजली, आणि बाहेर पडली. कॅमेऱ्यात चित्र आहे, आवाज नाही. क्सावरने ऐकलं. तो बोलला नाही, पण सहा दिवस रोज सकाळी माझ्या दारात लाकडं रचून जातो, त्यापेक्षा त्याने चारचौघांत सांगितलं असतं तर बरं होतं. पंचांना मी आज लिहिलं आहे. हे पत्र आणि ते, दोन्ही एकाच टपालपेटीत टाकणार. निकाल बदलणार नाही, दोन मिनिटं ती दोन मिनिटंच. पिवळी पट्टी त्यांच्या पत्रासोबत परत पाठवते आहे.

ता. क. ४. वरचं “दाखवू नकोस” रद्द समज. सेफीला दाखव. तू समोर बस आणि तिने ऐकलं होतं का ते विचार. ऐकलं म्हणाली तर मला फोन कर, मी पुढच्या बसने येते. ऐकलं नाही म्हणाली तर ती खोटं बोलते आहे, माझ्यासाठी. मग फोन करू नकोस, तिला धरून ठेव, मी निघालेलीच असेन.