बाळाला भुलीतून कोणत्या नावाने उठवावे याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालहृदय शस्त्रक्रिया रुग्णालय, पुणे

अर्जदार : कमलबाई भुजंग होगे, अंगणवाडी सेविका, मानवत, जि. परभणी

विषय : कु. अपेक्षा बन्सीधर हिला दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर हाक मारण्याबाबत.
संदर्भ : दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी आलेले आपले बोलावणे.

महोदय,

अर्जदार ही अपेक्षाची सख्खी आत्या. हृदयाला खालचे दोन कप्पे असतात, अपेक्षाला एकच आहे. जन्मानंतर सहाव्या दिवशी आपल्याकडे तिची पहिली शस्त्रक्रिया झाली. भुलीचे औषध बंद करूनही तिने डोळे उघडले नाहीत. तेव्हा भूल देणाऱ्या मॅडमनी कानाशी वाकून "पिंकी, ऊठ गं" अशी हाक मारली आणि बाळ उठले. हे अर्जदाराच्या भावाने डोळ्यांनी पाहिले. त्याबद्दल घरचे सर्व जण मॅडमचे जन्मभराचे ऋणी आहेत.

१. तथापि, तेव्हा बारसे व्हायचे होते. कानात पहिले नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, तो मॅडमनी घेतला. घरी आल्यावर अर्जदाराने कुर्र करून "अपेक्षा" नाव ठेवले, पाठीवर बायकांचे धपाटेही रीतसर खाल्ले. परंतु बाळ त्या नावाला वळत नाही. गेल्या महिन्यात मानवतच्या बसस्थानकावर कोणा बाईने आपल्या मुलीला "पिंके!" म्हटले, तर अपेक्षाने मान वळवली.

२. चौकशीअंती वॉर्डातील आया मालनबाईंनी सांगितले की, पिंकी ही राणीसावरगावची, असेच हृदय असलेली मुलगी. आदल्या वर्षी त्याच खाटेवर ती भुलीतून उठलीच नाही. मॅडम तिला दिवसभर हाका मारत होत्या. हे कळल्यापासून अर्जदाराला बाळ मांडीवर घ्यायची भीती वाटते. आपण कोणाला घरी आणले, असे मनात येते. लाज वाटते, पण येते.

३. सबब मॅडमना लेखी ताकीद द्यावी अशी मागणी करण्याचे ठरले होते. तत्पूर्वी अर्जदार राणीसावरगावला पिंकीच्या आईकडे, राजेश्रीबाईंकडे गेली. तुमच्या लेकीचे नाव परत घ्या, असे सांगायला गेली होती, हे कबूल. त्यांनी सर्व ऐकून घेतले व म्हणाल्या, "माझी न्हाई उठली. तिच्या नावानं कुणाचं लेकरू उठायलंय, तर उठू द्या की, ताई." त्यावर अर्जदाराने ताकिदीची मागणी सोडली व त्यांच्याकडून ना हरकत पत्र लिहून घेतले.

४. तरी विनंती की, मॅडमनी आधी "अपेक्षा" म्हणून तीन वेळा हाक मारावी. नाही उठली, तर वेळ न घालवता "पिंकी" म्हणावे. अर्जदाराची हरकत नाही.

दाराबाहेर बसून राहणारी,
आपली नम्र,
(सही) कमलबाई भुजंग होगे
दि. १२/०२/२०२५

सोबत :
१) आत्याचे ना हरकत पत्र.
२) पिंकीच्या आईचे ना हरकत पत्र. (लेकीचे नाव लिहिताना खाडाखोड झाली आहे, ती ग्राह्य धरावी.)