एद्दार वाट पाहील

७ मार्च

येतोय! तोच सिनेमा, आमच्याच गावात, शाळेच्या मैदानात! गाबेसच्या फिल्म क्लबचा नूरी गाडीतून पडदा घेऊन येणार. जुनी प्रत धुऊनपुसून लख्ख केली आहे म्हणे, आणि आवाज मुळातला. फ्रेंच डबिंग नाही, तुताऱ्या नाहीत. "तुझे बाबा काय बोलले ते आता स्वच्छ ऐकू येईल, सालूहा," नूरी फोनवर म्हणाला. त्याला वाटलं मी आनंदाने उडीच मारेन. मी म्हटलं, बरं. मग जाऊन कोंबड्यांना उगाच दुसऱ्यांदा दाणे टाकले.

८ मार्च

सिनेमाचे पाचही भाग मला तोंडपाठ आहेत. पहिला इथे काढला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यांना परका ग्रह हवा होता. आमची जमिनीत खणलेली घरं त्यांना आयतीच मिळाली. गावातले पुरुष झाले ग्रहावरचे लोक. अंगावरचा बर्नूस ज्याचा त्याचा, फक्त कपाळाला निळा रंग! माझे बाबा झाले पाणक्या. शेवटी तो सिनेमाच्या नायकाला, कप्तानाला, आपली पखाल देतो, दोन वाक्यं बोलतो आणि वाळूच्या वादळात गडप होतो. तुमच्या भाषेत काहीही बोला, निरोपाचं असं काहीतरी, कुणाला कळतंय — असं दिग्दर्शकाने सांगितलं होतं. बाबांचा पहिलाच शब्द — एद्दार.

त्या लोकांना तो इतका आवडला की ग्रहाचंच नाव एद्दार ठेवलं. पुढचे चार भाग कप्तान छातीवर हात ठेवून "एद्दारसाठी!" ओरडत लढतो. आता आमच्या भाषेत एद्दार म्हणजे घर. आणि आमच्याकडे पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत, घरच म्हणतात. घराला विचारून सांगतो. घराला बरं नाही. म्हणजे आकाशगंगेतली एवढी सगळी मारामारी माझ्या आईसाठी, यम्मासाठी! आणि ती खाली अंगणात जव निवडत बसलेली.

पर्यटक आमच्या घराच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून छातीवर हात ठेवतात — "एद्दार!" यम्मा खालून म्हणते, "आले मेले, माझं नाव घ्यायला. विचार गं, भाकरी खाणार का."

टीव्हीवर बाबांच्या त्या वाक्यांवर वारा घोंघावतो, वर तुताऱ्या. एद्दार एवढंच ऐकू येतं. खाली अक्षरं उमटतात: "एद्दार तुझी वाट पाहील, आकाशपुत्रा." शूटिंग आटोपल्यावर बाबा कामाला म्हणून फ्रान्सला, मार्सेयला गेले. परत आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. यम्मा अजून वाट बघते.

११ मार्च

आज सहावीच्या वर्गाला निबंध दिला आणि मी खिडकीशी बसून माझा सिनेमा पुढे चालवला. लहानपणापासून चालवतेय. माझ्या सिनेमात कप्तान निघून जातो, पण कॅमेरा त्याच्या मागे जात नाही. इथेच राहतो! वादळ सरतं. पाणक्या वाळूतून उठतो, बर्नूस झटकतो, शिव्या घालत चप्पल शोधतो. दुसऱ्या भागात लढाई नाही. ताऱ्यांच्या राजाचा वकील धमकी द्यायला येतो, तर त्याला चहाला बसवतात. पहिला पेला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड — तोवर ऊन कलतं, वकिलाला झोप लागते, लढाईची वेळ टळते. तिसऱ्या भागात नुसती ऑलिव्हची झाडं. आकाशात दोन चंद्र, खाली बायका बख्नूग शाली पांघरून गाणी म्हणत ऑलिव्ह झोडताहेत.

आणि प्रत्येक भागात शेवटी पाणक्या घरी येतो. खड्ड्याच्या काठावर त्याची सावली पडते, आणि यम्मा वर बघते. याच्या पुढे मी कधी गेलेच नाही.

मुलांनी निबंधात काय लिहिलं, देव जाणे. सगळ्यांना दहापैकी आठ दिले.

१२ मार्च

महदियाहून रफीकाचा फोन. ट्रेनिंगपासूनची मैत्रीण. समुद्राकाठी तिची छोटी शाळा आहे, मला दर वर्षी तिथे शिकवायला बोलावते. "यंदा तरी ये गं! खिडकी उघडली की लाटा. यम्मालाही आण." म्हटलं, यम्मा घर सोडत नाही. बाबा आले आणि घर रिकामं असलं तर?

१५ मार्च

सी धाऊंना गाठलं. सिनेमात ते बाबांच्या शेजारी उभे होते, निळ्या कपाळाचे. आता दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करतात.

"सी धाऊ, बाबा काय बोलले होते?"

"सांगणार काय! म्हणाला, घराला सांगा, जेवण झाकून ठेव."

"गेल्या ईदला म्हणालात, उंटाबद्दल काहीतरी."

"मग उंटाबद्दल असेल. शिहीली वारा सुटला होता गं, तोंडात ही वाळू! स्वतःचं ऐकू येत नव्हतं, त्याचं कुठून येणार?" आणि उठून दुकानात गेले. त्यांचे गुडघे दुखतात, कारणाशिवाय उठत नाहीत.

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, बरं वाटलं. नाही, नाही वाटलं.

१९ मार्च

यम्माला म्हटलं, मी काही सिनेमाला जात नाही, वह्या तपासायच्यात. ती बसिसाचं पीठ तेलात कालवत होती. तेलाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मी जाणार आहे."

मी बघतच राहिले! टीव्हीवर हा सिनेमा लागला की उठून जाणारी बाई! एवढ्या वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

"यम्मा, तुला ऐकू कुठे येतं?"

"म्हणून तर तू येणार. डाव्या कानात सांगायचं. मोठ्याने."

२१ मार्च

वारा. सिनेमा पुढे ढकलला. नूरी गाडीतच पडदा सांभाळत बसलाय. मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही.

२३ मार्च

झाला.

अख्खं गाव मैदानात. सूर्य टेकला तसा पडदा उजळला. आधी सगळे नुसते ओळखत सुटले. "अरे, तो बघ आमचा आजा!" "ती आमची गाढवी!" कप्तानाकडे कुणाचंच लक्ष नाही. आमचे लोक परग्रहाच्या भाषेत गंभीर चेहऱ्याने बोलत होते — "माझ्या बुटात खडा गेलाय", "हा गोरा जेवायला कधी सोडणार?" — आणि खाली अक्षरांत भविष्यवाण्या! लोक हसून हसून लोळले. मीसुद्धा. यम्माच्या कानात ओरडून सांगत होते, तीही हसत होती.

मग वादळ आलं. बाबा आले. किती तरुण! माझ्यापेक्षा लहान. पखाल दिली, सरळ आमच्याकडे बघितलं. वारा होता, पण पातळ. एकेक अक्षर ऐकू आलं.

"एद्दारला सांगा, माझी वाट बघू नकोस. मी जातोय तो परत न येण्यासाठी."

खाली अक्षरं: एद्दार तुझी वाट पाहील.

सगळ्यांना कळलं होतं. फक्त यम्माला नाही. ती माझी बाही ओढत होती. "काय म्हणाला? सांग ना!"

मी वाकले. तिच्या केसांना ऑलिव्ह तेलाचा वास येत होता. "म्हणाले — एद्दारला सांगा, मी येतोय." मोठ्याने सांगावं लागलं, सगळ्यांनी ऐकलं. मग मागून सी धाऊंचा आवाज, "हो, यम्ना वहिनी! अगदी हेच म्हणाला. मी शेजारीच होतो."

यम्माने मान हलवली. पडद्यावर बाबा वाळूत गेले. आज ते उठले नाहीत. मी खूप जोर लावला, पण उठलेच नाहीत.

घरी येताना तिचा हात धरला होता. मनात म्हटलं, आता महदिया कसलं नि समुद्र कसला! वाट बघायला मीच सांगितलंय.

२४ मार्च

सकाळी यम्मा म्हणाली, "काल खोटं बोललीस." मग म्हणाली, "शूटिंगच्या त्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले होते. बायकांत मागे उभी होते. तेव्हा माझे कान चांगले होते. तू रोज काठावर जाऊन बसायचीस, बाबा येणार म्हणायचीस. तुला सांगायचा धीर झाला नाही. तू वाट बघत होतीस, म्हणून मी बघत बसले."