साखरपुड्याच्या दिवशी खोललेली जीप

विश्वेश,

तुझ्या मेव्हणीच्या, हर्षालीच्या साखरपुड्यासाठी आईंना घेऊन एसटीने सटाण्याला निघाले. खडखडाट थांबवायला आणलेले तुझ्या जीपच्या पाट्यांचे नवे रबरी बुश फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीवर सापडले. गार केले की सहज बसतात म्हणे! माझ्या माहेरी जायचं ठरलं की बरी खोलावीशी वाटते रे तुला जीप? मित्रांबरोबर हरसूलच्या घाटात धडधडताना हाच खडखडाट ऐकू येत नाही.

निदान या वेळी बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळ. मागच्या वेळी जॅकवरच आवळलेस, म्हणून रबर पिळून फाटलं.

दुपारपर्यंत पोहोच. "जावई कुठे?" असं बाबा विचारणारच. दर वेळी मी सांभाळून घेते. आज फोन लावून त्यांच्याच हातात देणार आहे.

मालिनी