उशाखालची कोयती

३ जानेवारी २०२५, सकाळी ६.४०

नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प : यंदा रागवायचं नाही. मुळात मी रागवत नाहीच, त्यामुळे सोपं जाईल.

झोप उत्तम. स्वप्नात मिठागराच्या बांधावर चौघे जण दांडकी घेऊन मनिषाच्या अंगावर धावून आले. चौघांना लोळवलं. एकाचा तर जबडाच फोडला. उठलो ते ताजातवाना.

मनिषाचा ओठ सुजलाय. म्हणते, तुमी मारलंत. मी म्हटलं, अगं, मी तुला वाचवत होतो. बायकांना केल्याची किंमत नसते.

६ जानेवारी

रात्री रानडुक्कर. अशी लाथ हाणली की गडगडत गेलं. मनिषा पलंगाखाली सापडली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर.

हाडाच्या डॉक्टरने मला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं म्हणे, घरी काही त्रास आहे का. माझ्याबद्दल! पोर्टात एकतीस वर्षं काढली, तीन संप पाहिले, कुणावर बोट उचललं नाही. खरा दोष पलंगाचा. पाच फुटी आहे. सहा फुटी घ्यायचा.

९ जानेवारी

खारघरहून दिपिका आली. पोटची मुलगी, पण आईच्या बाजूने. मला न विचारता हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. पाटीवर लिहिलंय : छाती व निद्रा विकार विभाग.

डॉ. मिताली. दिपिकाच्याच वयाची. आधी एका नळीत फुंकायला लावलं. असा फुंकलो की रांगेतले लोक वळून बघायला लागले. फुप्फुसं ठणठणीत. पण तिचं म्हणणं, घोटाळा झोपेत आहे. स्वप्न पडताना माणसाचे हातपाय सैल पडतात, माझे पडत नाहीत, त्यामुळे स्वप्नात जे करतो ते पलंगावरही करतो. वीस तारखेला रात्रभर तिथे झोपायचं. डोक्याला वायरी, समोर कॅमेरा. तोवर दोघांनी वेगळं झोपा, खोलीत टोकदार काही ठेवू नका.

वेगळं का? आमचं काय भांडण आहे? नवल म्हणजे मनिषाही वेगळं झोपायला नाय म्हणाली. म्हणजे ती वरवर कुरकुरते, मनातून तिला पटलेलं आहे.

१२ जानेवारी

उरणहून भामाताई आली. सख्खी मोठी बहीण, तिला वायरी लागत नाहीत. म्हणाली, वाईट सपनाला आपल्यात एकच विलाज, उशाखाली लोखंड. पिशवीतून बाबांची कोयती काढली. म्हणाली, बापाची कोयती हाय, तुज्या वाटेला कोन येनार नाय.

मनिषाला सांगितलं नाही. उगाच काळजी करते. आता स्वप्नच पडणार नाही म्हटल्यावर वीस तारीख रद्द करावी काय? बघू.

१३ जानेवारी, पहाटे ४.१०

घोंगडी ओढून लिहितोय. थंडी आहे.

स्वप्न पडलं. या वेळी माझ्याकडे हत्यार होतं, त्यामुळे सपासप वार केले. जाग आली तेव्हा खोलीभर कापूस. कोयती मनिषाच्या उशीत रुतलेली.

ती पाणी प्यायला उठली होती. दारात उभी होती, हातात तांब्या. मी म्हटलं, उशीच आहे, नवी आणू. तिने तांब्या खाली ठेवला आणि भावाला फोन लावला.

सकाळी १०

मनिषा गेली. करंजाहून तिचा भाऊ हरेश येऊन घेऊन गेला. बोटीवरचा माणूस, मुठी वळून उभा होता. मनिषा जाताना म्हणाली, तपासणीत काय दिसल ते बघते, मंग ठरवते परत यायचं का नाय.

भामाताईला फोन केला. म्हणाली, लोखंड गंजलंय, घासून ठेव.

१७ जानेवारी

वीस तारखेला पास व्हायचंच. दुपारी दोन तास न हलता झोपायचा सराव. टेबलफॅन फुटला. स्टूल डुगडुगतं.

घाबरायचं काय कारण? मी झोपेत ओरडतो म्हणे. उत्तम! कॅमेऱ्यात आवाज येईल. मी कुणासाठी लढतो, ते त्या हरेशलाही ऐकू दे.

२१ जानेवारी, सकाळी ७

झाली तपासणी. बारा जण होते, बाराही आडवे केले. विनायक नावाचा टेक्निशियन चांगला मुलगा, पण सकाळी त्याच्या नाकात कापूस होता. सर्दी असेल. पाच वायरी तुटल्या. मशीन जुनं दिसतं. पास का, विचारलं. म्हणाला, मॅडम सांगतील.

२४ जानेवारी

सगळे पडद्यासमोर बसलो. दिपिका, हरेश, मनिषा, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला.

पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात एक म्हातारा. डोक्याला वायरी. आधी ओळखलंच नाही. लाथा झाडतोय, पलंगाच्या कठड्यावर ठोसे मारतोय. विनायक धावत आला, त्याच्या नाकावर ठोसा. सर्दी नव्हती.

मग डॉक्टरांनी आवाज वाढवला. आव्हान नाही, शिवी नाही. म्हातारा रडत होता. मनिषा, मला वाचव गो. मनिषा, ये गो. पुन्हा पुन्हा तेच. दिपिका खिडकीकडे बघत बसली. हरेशच्या मुठी सुटल्या.

मी म्हटलं, हे रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाचं असेल.

मनिषा म्हणाली, तीन वर्सं ऐकते मी. तुमी हाका मारता म्हनून दुसऱ्या खोलीत गेले नाय. हात धरला की गप होता. आता ह्यो हात धरायच्या कामाचा नाय ऱ्हायला.

फार लाज वाटली. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या दुसरंच काहीतरी लिहीन.

२५ जानेवारी, सकाळी

कोयती भामाताईकडे पाठवली. मनिषा करंजालाच आहे. प्लास्टर निघाल्यावर बघते म्हणाली.

रात्री डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली. हॉलमध्ये जमिनीवर गादी. कुणी आलं नाही, कुणाला लोळवलं नाही.

हाक मारली की नाही, माहीत नाही. सांगायला घरात कुणी नव्हतं.