तळ खरवडलेली होडी

कुडाळ, मंगळवार

प्रिय देवेश,

हा शब्द सवयीने लिहिला आहे. आधी घडलं ते, क्रमाने:

१. गेल्या वर्षी बोटीवर असताना तू आफ्रिकेतल्या एका बंदरात सुंता करून घेतलीस.
२. जखम भरायच्या आधी आणि नंतरही तू तिथल्या बायकांकडे गेलास. हे तूच सांगितलंस, हसत.
३. मी म्हटलं, लग्नाआधी दोघांनी एचआयव्हीची तपासणी करू.
४. तू नाही म्हणालास.
५. परवा देवबागला, तुझ्या घरच्यांसमोर, तू कारणही दिलंस.

ते कारण पुन्हा लिहिते, म्हणजे तुला स्वतःचं वाक्य वाचता येईल: "होडयेचो तळ खरवडून रंग मारलो काय कीड लागणा नाय. माझा तसाच. माका काय्येक जावचा नाय." त्यावर तुझा मित्र मंगेश म्हणाला, "डाक्टरीणबाय, तपासूक भिंग आणलंस काय गो?" आणि सगळे हसले. मी डॉक्टर नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि प्रयोगशाळेत काम करते. पण होड्यांवर पर्यटक फिरवणाऱ्या मंगेशला हा फरक कळावा अशी माझी अपेक्षा नाही.

अज्ञानाचा मला राग येत नाही, ते रोज माझ्या टेबलावर येतं. तुला थोडंसं कळलंय आणि त्यावर तू छाती काढून फिरतोस, हे मात्र सोसत नाही. ते थोडंसं खरंही आहे. सुंतेत काढतात त्या त्वचेच्या घडीखाली दमट, हवा न पोचणारी जागा असते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तिथे माजतात. त्यांच्यामुळे दाह होतो, आणि दाह झाला की शरीर आपल्या रक्षक पेशी तिकडे धाडतं. एचआयव्ही नेमका त्याच पेशींत शिरतो. घडी काढली की ते जिवाणू घटतात, दाह घटतो, विषाणूला सापडणाऱ्या पेशीही घटतात. आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांत पुरुषाला बाईकडून होणारा संसर्ग साधारण साठ टक्क्यांनी कमी झाला. कमी झाला, थांबला नाही. आणि तोही पुरुषाचा. त्याच्या बायकोला त्यातून थेट संरक्षण मिळाल्याचं दिसलेलं नाही. जखम ओली असताना तर धोका वाढतो. तू साठाचे शंभर केलेस आणि मला त्यात धरलंच नाहीस.

आता तुझी होडी. रंग मारण्याआधी तळाच्या फळ्या ठोकून बघतात, हे देवबागच्या माणसाला मी सांगायला हवं? कीड आधीच शिरली असेल तर ती रंगाखाली सुखाने राहते. मी तेवढंच मागितलं होतं, ठोकून बघणं.

तुझ्या आईने गावात तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. परवा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गो बाय, ता नाव सुद्धा काढू नको. लोक काय म्हणतले? आपल्यात असला करतत काय?" मी विचारलं, आणि त्या बंदरातल्या बायका? "पुरुषमाणूस, बोटीवरचो," असं म्हणून त्या सोलकढी वाढायला गेल्या. म्हणजे तुमच्या घरात लाज फक्त डॉक्टरच्या सुरीची आहे.

गेल्या महिन्यात आंबोलीला आपण एकत्र राहिलो, तेव्हा धुक्यात समोरचा रस्ता दिसत नव्हता आणि तू मक्याचं कणीस माझ्यासाठी फुंकून गार करत होतास. मला तू तेव्हा फार आवडला होतास. बंदराचं तू मला त्यानंतर सांगितलंस, आधी नाही. म्हणून मी ओळखीची प्रयोगशाळा टाळून दुसऱ्या तालुक्यातल्या सरकारी केंद्रात रक्त देऊन आले. निगेटिव्ह आहे. पण इतक्या लवकरच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, पुन्हा करावी लागेल. रोज दुसऱ्यांच्या नळ्या हाताळते, तिथे मात्र स्वतःच्या नळीवरचं नाव तीनदा वाचलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आता तुला सांगते आहे. तुझा अहवाल पॉझिटिव्ह आला तर औषधं आहेत. ती नीट घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की जोडीदाराला संसर्ग होत नाही. त्या अहवालासकट मी तुझ्याशी लग्न करू शकते. तपासायला नकार देणाऱ्या माणसाशी नाही. शनिवारी बाबा पत्रिका छापायला देणार आहेत. तपासणी करणार की नाही, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
अनुजा