फिनलंडमधल्या त्या फोटोबद्दल

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

सकाळी साडेसहाला पाणी आलं. टाकी भरली, दूध घेतलं, बी.पी.ची गोळी घेतली. भात आणि मुगाची आमटी केली. कोणी आलं नाही. जेवून पत्र लिहायला बसलो.

तीर्थरूप मालिनीताईंना धर्मराजचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? शिवमंदिराजवळच्या वैद्यांचं तेल चालू आहे की वास येतो म्हणून सोडलंत? तुमच्या सुयोगला आशीर्वाद सांगा. माझी तब्येत ठीक आहे. बदलापूरहून अंबरनाथला पत्र टाकणारा माणूस हल्ली कोणी नसावा (काल पाकीट घेताना पोस्टातल्या बाईंनी पत्ता विचारला आणि म्हणाल्या, "काका, रिक्षाने पोचाल की!"). पण तुम्ही फोन उचलत नाही, आणि समोर आलो तर मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न ठरताना माझ्या वाटचंसुद्धा तुम्हीच बोलला होतात.

सुयोगने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बर्फात मी उभा, दोन्ही बाजूंना दोन बायका, आणि माझे दात दिसताहेत. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "छान. नऊ महिन्यांत छान सावरलात." आणि ग्रुप सोडलात. तेव्हापासून मी ते वाक्य रोज वाचतो आहे. वर्ष होईपर्यंत सणवार नाही, गोडधोड नाही, हे तुम्ही सांगितलंत ते मी पाळलं. दिवाळीत कंदील लावला नाही. पण फिरायला गेलो, हे खरं आहे, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

ही सहल माझी नव्हती. ती तिची, तुमच्या बहिणीची होती. शाळेच्या ऑफिसात तिच्याबरोबर पंचवीस वर्षं बसलेल्या गंगूताई आणि लाजवंती यांच्याबरोबर तिने ती गेल्या मार्चमध्येच ठरवली होती, जानेवारीसाठी. (गणपतीत दिवाळीच्या पणत्या आणणारी बाई, हे तुम्हाला मी काय सांगणार.) एप्रिलमध्ये ती गेली. दिवाळीनंतर त्या दोघी घरी आल्या. चहा झाला. मग लाजवंती म्हणाली, "भाईसाब, उसकी सीट पे कोई अनजान बैठेगा तो हमसे देखा नहीं जाएगा. आप चलो." मी नाही म्हणालो. गंगूताई म्हणाल्या, "नाय कसं? तुमी बोलत नाय, खात नाय, तुमची आमाला अडचन पन होनार नाय." मी पुन्हा नाही म्हणेपर्यंत लाजवंतीने टूरवाल्याला फोन लावून तिच्या जागी माझं नाव घातलं होतं.

आता जॅकेटचं. लाजवंतीच्या दिराचा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सचा कारखाना आहे. त्याने मार्चमध्येच तिघींना एकसारखी जॅकेटं शिवून दिली होती, जांभळी, आत दोन स्वेटर बसावेत म्हणून दोन नंबर मोठी. छातीवर आणि पाठीवर ज्याचं त्याचं नाव, इंग्रजी अक्षरांत, पिवळ्या दोऱ्याने. जीन्स शिवणारे कारागीर असल्यामुळे जॅकेट गोणीसारखं मजबूत आणि चेन पितळेची. तिचं जॅकेट कपाटात तसंच घडी करून होतं. मी नवीन घ्यायला निघालो तर गंगूताई म्हणाल्या, "ह्यो काय फाटलाय?" मला ते अगदी मापाचं बसलं. याचं श्रेय दिराला नाही, गेल्या काही महिन्यांत मी वाळलो त्याला आहे.

अशा रीतीने पाठीवर "श्रद्धा" लिहून मी फिनलंडला उतरलो.

तिकडे त्या दिवसांत सूर्य उगवत नाही. दुपारी बाराला आपल्याकडे दिवेलागणीला असतो तेवढा उजेड, तोही तीन-चार तास. उणे चोवीस. पहिल्याच दिवशी चेनमध्ये अस्तर अडकलं आणि जॅकेट गळ्यापर्यंत बंद होऊन बसलं. बाहेर ठीक होतं, पण तिकडे घरं आतून आपल्या मे महिन्यासारखी तापवलेली असतात. मी जेवणाच्या टेबलावर जॅकेटमध्ये बसून घाम पुसत होतो. (लाजवंती समाधानाने म्हणाली, "देखा? देवर बोला था, मायनस चालीस में भी पसीना आएगा.") दोघींनी मिळून ते डोक्यावरून ओढून पाहिलं. ते अर्ध्यात अडकलं. दोन्ही हात वर, तोंड आत, अशा अवस्थेत मी हॉटेलच्या व्हरांड्यात सुमारे पाच मिनिटं उभा होतो, आणि जपानमधून आलेल्या एका कुटुंबाने मला वळसा घालून जाताना वाकून नमस्कार केला. मी उलट नमस्कार करू शकलो नाही. शेवटी जॅकेट परत खाली ओढलं आणि मी ते घालूनच झोपलो.

सकाळी गंगूताईंना खोबरेल तेलाची आठवण झाली. पण त्यांची एक पिशवी बसमध्ये राहिली होती आणि बाटलीतलं तेल दगड झालं होतं. ती बाटली त्यांनी कमरेला खोचली आणि तासभर तशाच फिरल्या. मग ते तेल चेनला चोळलं आणि म्हणाल्या, "भावजी, श्वास धरा." चेन सुटली. त्यानंतर पाच दिवस मला खोबरेलाचा वास येत होता. ताई, तिच्या केसांना यायचा तोच. हे मी त्या दोघींना सांगितलं नाही.

आमचा वाटाड्या लांब दाढीचा, मोठ्या आवाजाचा माणूस होता. त्याचं नाव मला शेवटपर्यंत घेता आलं नाही. अशा थंडीत एखादा मागे राहिला तर जिवावर बेतेल, म्हणून तो बस सुटण्याआधी प्रत्येकाला नावाने हाक मारायचा. त्याच्याजवळ यादी होती, पण हातमोजे काढून कागद उघडण्यापेक्षा जॅकेटवरचं वाचणं त्याला सोपं. गंगू, लाजवंती, श्रद्धा. लाजवंती पहिल्या दिवशी त्याला चूक सांगायला उठली होती. मी तिला खूण करून बसवलं. चार माणसांत कशाला, असं तेव्हा म्हणालो.

तिसऱ्या दिवशी रेनडिअर पाहायला नेलं. गंगूताईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या (खिडकीबाहेर ठेवायच्या, फ्रीज लागत नाही). त्यातली एक त्यांच्या खिशात होती. एका रेनडिअरने सरळ खिशात तोंड घातलं. मालक धावत आला, पण गंगूताई त्याला आपल्या बैलासारखं गळ्याखाली खाजवत होत्या. "खा रं बाला, तांदलाची हाय. तुज्या बापानं खाल्ली नसंल." फोटो त्याच ठिकाणचा आहे. थंडीने ओठ सुन्न होऊन मागे ओढले जातात, त्यामुळे माणूस हसतो आहे असं वाटतं. तरी तुम्ही गैरसमज करून घेऊ नये.

आकाशातले ते हिरवे रंग, ज्यासाठी सगळे जातात, ते आम्हाला दिसले नाहीत. सहाही दिवस ढग होते. शेवटच्या दिवशी मी तिच्या नावाने मूठभर बर्फ हातात घेतला. पाणी झालं. एवढंच.

वडील म्हणून रागावण्याचा तुम्हाला अधिकार आहे. लहान समजून क्षमा करावी.

आपला,
धर्मराज

ता.क. : तुमचा स्टीलचा चौकोनी डबा माझ्याकडे आहे. घासून ठेवला आहे.

ता.क. दुसरा : वर ओठांबद्दल लिहिलं आहे ते खोटं आहे. मी हसत होतो. भाकरीचा प्रकार झाल्यावर मी गोठ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो. बस सुटायची वेळ झाली आणि त्या माणसाने हाक मारली, "श्रद्धाऽऽ!" असा शेवट लांबवून, भुवईवर हात धरून. आणि ताई, काही कळायच्या आत माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "आली, आली! चप्पल घालतेय!"

तुम्ही गुडघ्यामुळे जिना चढत नव्हतात, गेटपाशी उभ्या राहून तिला अशीच हाक मारायचात, आणि मी गॅलरीत येऊन दर वेळी हेच ओरडायचो. किती वर्षं ओरडलो, कोण जाणे. गंगूताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं भावजी, बर्फात चप्पल?" मग आम्ही तिघं हसलो. मग लाजवंती रडायला लागली, मग आम्ही सगळेच. फोटो त्या रडण्याच्या अर्ध्या मिनिटाआधीचा आहे.

वाटाड्याची चूक मी का सुधारली नाही, तेही वर खरं लिहिलेलं नाही. इथे सगळे "वहिनी", "तुमच्या मिसेस", "ती" असं म्हणतात. तुम्हीसुद्धा "आपली गेली" म्हणता. मीही नाव घेत नाही. तिकडे एक परका माणूस दिवसातून पाच-सहा वेळा खणखणीत आवाजात तिला बोलवत होता, आणि ती आल्याशिवाय बस सोडत नव्हता.

ता.क. तिसरा : चैत्र वद्यात वर्षश्राद्धाला तुम्ही याल हे मला माहीत आहे. राग असला तरी याल. मी त्याच्याबद्दल लिहीत नाही. त्याआधी एकदा, कुठल्याही दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला रिक्षाने या. वर येऊ नका, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. गेटपाशी उभ्या राहून पूर्वीसारखी एक हाक मारा. बिल्डिंगमधले पाहतील, पाहू देत. मी वरून उत्तर देईन आणि डबा घेऊन खाली येईन.

डिंकाची बाटली ती कुठे ठेवत होती ते मला अजून सापडलेलं नाही. दुपारच्या भाताची दोन शितं लावून पाकीट बंद करतो आहे.